स्लॉट दोन, रॅम किती? जुन्या मदरबोर्डवर मेमरी वाढवण्याआधी काय तपासायचं

जी४१ चिपसेटचा (प्रोसेसर, मेमरी आणि इतर भाग जोडणाऱ्या इंटेलच्या जुन्या चिपांचा) बोर्ड, डीडीआर३ जातीच्या रॅमचे दोन स्लॉट, मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं की कमाल ८ जीबी. ४ जीबीची नवी कोरी स्टिक आणली, खाच बरोबर जुळली, दोन्ही क्लिप लागल्या, बटण दाबलं आणि स्क्रीन काळीच. किंवा कॉम्प्युटर सुरू झाला, पण ४ ऐवजी २ जीबीच दाखवतोय. तीच स्टिक शेजारच्या एच६१ बोर्डावर लावली की पूर्ण ४ जीबी दिसते. अशा वेळी दुकानदार बोर्डाला नावं ठेवतो, घेणारा दुकानदाराला. बहुतेकदा स्टिकही चांगली असते आणि बोर्डही. चुकलेला असतो तो स्टिकवरच्या चिपांचा हिशेब, आणि तो पैसे देण्याआधी अर्ध्या मिनिटात करता येतो.

स्लॉट किती आहेत यावरून किती रॅम चालेल ते ठरत नाही. मॅन्युअलमधला कमाल आकडाही अर्धीच गोष्ट सांगतो. मेमरी कंट्रोलरला, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण करणाऱ्या भागाला, एका चिपमधली किती जागा ओळखता येते, यावर खरी मर्यादा ठरते.

चिपांचा हिशेब

डेस्कटॉपच्या साध्या स्टिकवर प्रत्येक चिप एका वेळी ८ बिट देते. बोर्डाला एका वेळी ६४ बिट लागतात, म्हणजे ८ चिपांचा एक गट. या गटाला रँक म्हणतात. स्टिकवर ८ चिप असतील तर रँक एक, १६ असतील तर रँक दोन.

चिपची क्षमता गिगाबिटमध्ये मोजतात आणि ८ गिगाबिट म्हणजे १ गिगाबाइट. १ गिगाबिटच्या ८ चिप झाल्या १ जीबी, २ गिगाबिटच्या ८ चिप २ जीबी, ४ गिगाबिटच्या ८ चिप ४ जीबी. त्यामुळे ४ जीबीची डीडीआर३ स्टिक दोन प्रकारे बनते: २ गिगाबिटच्या १६ चिपांची किंवा ४ गिगाबिटच्या ८ चिपांची. लेबलवर दोन्हींना '४ जीबी'च लिहिलेलं असतं, किंमतही साधारण सारखीच. जी४१ ला मात्र २ गिगाबिटच्या पुढची डीडीआर३ चिप ओळखताच येत नाही. ८ चिपांची स्टिक लावली की एक तर त्याला अर्धीच जागा दिसते, नाही तर तो सुरूच होत नाही.

नव्या स्टिक बहुतेक ८ चिपांच्याच येतात, कारण कमी चिपांत काम भागतं. म्हणून जी४१ साठी 'नवी आणि वॉरंटीवाली घ्या' हा एरवी योग्य असलेला सल्ला अंगाशी येतो. इथे १६ चिपांची जुनी स्टिकच शोधावी लागते.

कोणत्या बोर्डावर काय चालतं

बोर्डाचं नाव बहुधा स्लॉट आणि प्रोसेसरच्या आसपास ठळक छापलेलं असतं. कॅबिनेट उघडायचं नसेल तर सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम 'मेनबोर्ड' टॅबमध्ये बोर्ड आणि चिपसेटचं नाव देतो, आणि 'एसपीडी' टॅबमध्ये प्रत्येक स्लॉटमधल्या स्टिकचा आकार, बनवणारी कंपनी आणि रँक दाखवतो. विंडोज ८ पासून पुढे टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर किती स्लॉट आहेत आणि त्यांतले किती वापरात आहेत तेही दिसतं. 'तुमचा बोर्ड कमाल इतकी रॅम घेतो' असं सांगणाऱ्या सॉफ्टवेअरवर मात्र विसंबू नका. ते आकडा बायोसच्या (कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅमच्या) तक्त्यातून उचलतं आणि तो तक्ता बरेचदा चुकीचा भरलेला असतो.

इंटेल ९४५ मालिकेत मर्यादा फार खाली आहे. ९४५जीसी २ जीबीला थांबतो. ९४५जी ला ४ जीबी लावता येते, पण ग्राफिक्स आणि इतर उपकरणांसाठी राखलेल्या पत्त्यांखाली झाकली जाणारी रॅम ४ जीबीच्या वर हलवण्याची सोय त्यात नाही. त्यामुळे ६४-बिट सिस्टिम टाकली तरी सव्वातीन-साडेतीन जीबीच्या पुढे काही हाती लागत नाही.

जी३१ हा डीडीआर२ वाला, २००७ चा. याची मर्यादा प्रति चिप १ गिगाबिट, म्हणजे १६ चिपांची २ जीबीची स्टिक. अशा दोन मिळून ४ जीबी. ४ जीबीची एक स्टिक लावून दुसरा स्लॉट मोकळा ठेवू, हा बेत इथे जमत नाही.

जी४१ चे बोर्ड डीडीआर२ आणि डीडीआर३ अशा दोन्ही प्रकारांत आले. काही 'कॉम्बो' बोर्डांवर दोन्ही जातींचे स्लॉट शेजारी शेजारी असतात. एका वेळी एकच जात लावायची, दोन्ही मिसळून चालत नाहीत. डीडीआर३ चा वेग इथे १०६६ पर्यंतच, त्यामुळे १६०० च्या स्टिकसाठी जास्त पैसे देण्यात अर्थ नाही. ती लागली तरी १०६६ किंवा त्याखालीच चालेल. रीफर्बिश्ड म्हणून मिळणारा डेलचा ऑप्टिप्लेक्स ७८० याच पिढीतला, क्यू४५ चिपसेटवरचा. त्याच्या टॉवर आणि डेस्कटॉप मॉडेलमध्ये चार स्लॉट आणि १६ जीबीची मर्यादा आहे, पण चिपचा नियम तोच: ४ जीबीच्या चार, प्रत्येकीवर १६ चिप.

एच५५, म्हणजे पहिल्या पिढीचे आय३-आय५. इथे मेमरी कंट्रोलर चिपसेटमधून निघून प्रोसेसरमध्ये गेला, पण २ गिगाबिटची मर्यादा सोबत घेऊन गेला. ८ जीबीची स्टिक यावर चालत नाही. दोन स्लॉटवर ८ जीबी, चारवर १६.

एच६१ पासून वाट मोकळी होते. २०११ च्या या चिपसेटवर चालणारे प्रोसेसर ४ गिगाबिटच्या चिप घेतात, त्यामुळे ८ चिपांची ४ जीबीची आणि १६ चिपांची ८ जीबीची, दोन्ही स्टिक बिनतक्रार चालतात. दोन स्लॉट, एकूण १६ जीबी. दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर असेल तर वेग १३३३, तिसऱ्या पिढीचा असेल तर १६००. २०१३ च्या एच८१ वरही दोन स्लॉट आणि १६ जीबीच. डीडीआर३ मध्ये १६ जीबीची एकच स्टिकही बनते, पण त्यातल्या ८ गिगाबिटच्या चिप या दोन्ही पिढ्यांना ओळखता येत नाहीत. तिच्या नादी लागू नका.

स्टिक हातात घेऊन वाचा

लेबलवर रोमन अक्षरांत साधारण असं असतं: '४जीबी २आर×८ पीसी३-१०६००यू'. '२आर' म्हणजे दोन रँक, '×८' म्हणजे ८ बिटांच्या चिप. जी४१ आणि एच५५ साठी ४ जीबीच्या स्टिकवर '२आर×८' असायलाच हवं. '१आर×८' दिसलं तर परत ठेवा. 'पीसी३' म्हणजे डीडीआर३, 'पीसी२' म्हणजे डीडीआर२. पुढचा आकडा वेगाचा: पीसी२-६४०० म्हणजे डीडीआर२-८००, पीसी३-८५०० म्हणजे १०६६, १०६०० म्हणजे १३३३, १२८०० म्हणजे १६००. शेवटचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं. 'यू' म्हणजे साधी डेस्कटॉपची, 'एस' लॅपटॉपची, 'आर' सर्व्हरची, 'ई' म्हणजे ईसीसी (चुका पकडण्यासाठी जादा चिप असलेली).

स्वस्त बनावटीच्या स्टिकवर लेबल अपुरं किंवा चक्क चुकीचं असतं. मग चिपच वाचा. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला की चिपवरची पुसट अक्षरं उठून दिसतात. सॅमसंगच्या डीडीआर३ चिपवर 'के४बी२जी०८४६' असं काही असेल तर '२जी' म्हणजे २ गिगाबिट आणि त्यापुढचं '०८' म्हणजे ८ बिट. तिथेच 'के४बी४जी०८४६' असेल तर ती ४ गिगाबिटची, म्हणजे जी४१ साठी निरुपयोगी. हायनिक्सवर 'एच५टीक्यू२जी८३' हे २ गिगाबिटचं, 'एच५टीक्यू४जी८३' हे ४ चं. चिपांवर पत्र्याचं कव्हर असेल तर ते उचकटू नका, चिपही सोबत उपटून येऊ शकते. अशी स्टिक सीपीयू-झेडमध्ये बघून घ्या, नाही तर सोडून द्या.

मोजताना दोन्ही बाजू मोजा. एका बाजूला ८ आणि दुसरी सपाट म्हणजे एकूण ८. दोन्हीकडे ८-८ म्हणजे १६. ९ किंवा १८ आल्या तर ती ईसीसी स्टिक. मध्ये आणखी एक वेगळ्या आकाराची चिप असेल तर ती बहुधा सर्व्हरची रजिस्टर्ड स्टिक, आणि घरगुती बोर्डावर ती अजिबात चालत नाही. सर्व्हर भंगारात निघाले की अशा ८ जीबीच्या स्टिक निम्म्या-पाव किमतीत बाजारात येतात. खाच तीच, पिना तेवढ्याच, स्लॉटमध्ये बसतातही झकास. म्हणूनच माणूस फसतो.

डीडीआर२ मध्ये आणखी एक सापळा आहे. ४ जीबीची डीडीआर२ स्टिक आश्चर्य वाटावं इतकी स्वस्त दिसली आणि वर्णनात 'फक्त एएमडी बोर्डांसाठी' असं लिहिलं असेल, तर ते अक्षरशः खरं माना. या स्टिकवर ४ बिटांच्या चिप असतात; चिपच्या नंबरात '०८' च्या जागी '०४' दिसतं. एएमडीच्या एएम२ आणि त्यापुढच्या प्रोसेसरमधला कंट्रोलर त्यांना सांभाळून घेतो, इंटेलचे डेस्कटॉप चिपसेट घेत नाहीत. बायोस अपडेट करूनही यात फरक पडत नाही.

व्होल्टेजकडेही एक नजर टाका. डीडीआर२ ला १.८ व्होल्ट, डीडीआर३ ला १.५, डीडीआर३एल ला १.३५. डीडीआर३एल स्टिक १.५ वरही चालण्यासाठीच बनवलेली असते, म्हणून एच६१ किंवा एच८१ वर ती लावायला हरकत नाही. उलटं मात्र करू नका: फक्त १.३५ देणाऱ्या बोर्डात १.५ ची स्टिक चालत नाही.

लॅमिंग्टन रोडला किंवा गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात जुनी रॅम घेणार असाल तर नुसतं 'डीडीआर३ चार जीबी' मागू नका. 'जी४१ ला चालणारी, सोळा चिपवाली' असं मागा आणि चालली नाही तर बदलून देण्याचं आधी कबूल करून घ्या. शक्य असेल तर जुनी स्टिक सोबत न्या. आहे तिच्यासारखीच दुसरी मिळाली तर त्याहून खात्रीचं काही नाही.

लावताना

नवी स्टिक येण्याआधी बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवर बायोसची नवी आवृत्ती आहे का बघा. तिच्या नोंदीत मेमरीबद्दल सुधारणा लिहिली असेल तरच अपडेट करा, आणि तेही यूपीएसवर. अर्ध्यात वीज गेली तर बोर्ड उठत नाही.

कॉम्प्युटर बंद करून वायर भिंतीतून काढा, मग पॉवरचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जातो. कॅबिनेट आडवं ठेवा आणि त्याच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवा. आतली धूळ मऊ ब्रशने काढा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे बारीक थेंब स्लॉटमध्ये जातात. मुंबईत आणि कोकणपट्टीत दमट हवेने जुन्या स्टिकचे सोनेरी दात काळपट पडतात. ते मऊ पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने रबराचा चुरा पुसून घ्या. शाईचं खरखरीत रबर नको, सोन्याचा थर निघतो. स्लॉटच्या आत सुई किंवा पिन घालू नका.

स्टिक कडांना धरा. खाच जुळवून बघा, कारण डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४० पिना असल्या तरी खाचेची जागा वेगळी आहे. जुळत नसेल तर जोर लावू नका, ती दुसऱ्या जातीची आहे. जुळली की दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सारखा दाब द्या. क्लिप आपोआप वर येऊन 'टक्' असा आवाज होतो. एकाच बाजूला आवाज झाला तर स्टिक तिरकी बसली आहे, आणि तशा अवस्थेत वीज दिली तर स्टिक जळू शकते. पातळ जुने बोर्ड दाबताना वाकतात. वाकत असेल तर थांबा, एका टोकाचा दाब कमी करून पुन्हा बसवा.

चार स्लॉटच्या बोर्डावर दोनच स्टिक असतील तर त्या दोन वेगळ्या चॅनेलमध्ये (कंट्रोलरकडे जाणाऱ्या वाटांवर) हव्यात. बहुतेक बोर्डांवर एकाच रंगाचे दोन स्लॉट म्हणजे ती जोडी. खात्री मॅन्युअलमधून करा. प्रोसेसरमधलंच किंवा बोर्डावरचं ग्राफिक्स वापरत असाल तर ड्युअल चॅनेलचा फायदा चांगला जाणवतो. २ आणि ४ अशी विजोड जोडी लावली तरी इंटेलच्या बोर्डांवर दोन्हीकडचे २-२ जीबी जोडीने चालतात, उरलेले २ एकट्याने. वेग विजोड असेल तर सगळ्या स्टिक सर्वांत मंद असलेलीच्या वेगाने चालतात.

सुरू झाला नाही तर

आधी नवी स्टिक एकटीच, पहिल्या स्लॉटमध्ये लावून बघा. मग जुनी एकटीच. मग तीच चालणारी जुनी स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये. या तीन फेऱ्यांत दोष स्टिकचा की स्लॉटचा ते कळतं. लांब लांब बीप वारंवार येणं म्हणजे बोर्डाला मेमरी सापडत नाहीये. जुनी सेटिंग आडवी येत असेल तर वायर काढून सीआर२०३२ सेल पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवा. नंतर बायोसमध्ये तारीख-वेळ पुन्हा भरावी लागेल.

चांगली स्टिक एका स्लॉटमध्ये चालते आणि दुसऱ्यात नाही, असं एच५५, एच६१, एच८१ वर झालं तर स्लॉटला दोष देण्याआधी प्रोसेसर काढा. मेमरीच्या तारा प्रोसेसरच्या सॉकेटमधून जातात. तिथली एक पिन वाकली तरी अख्खं चॅनेल गप्प होतं. टॉर्च तिरपा धरून पिनांच्या ओळी बघा. एखादीची चमक ओळीबाहेर दिसली की तीच. कूलर एका बाजूने जास्त आवळला गेल्यानेही कधी कधी असंच होतं. चारही स्क्रू सैल करून कोपऱ्या-कोपऱ्याने सारखे आवळा. कूलर काढला म्हणजे थर्मल पेस्ट नवी लावायची. एक स्लॉट कायमचा गेला असेल तर एच६१ वर ८ जीबीची एकच स्टिक लावून काम निभावतं. जी३१ वर तशी सोय नाही, तिथे २ जीबीवर थांबावं लागतं.

चारही स्लॉट भरल्यावर कॉम्प्युटर अडखळत असेल तर बायोसमध्ये मेमरीचा वेग एक पायरी खाली आणा, डीडीआर२ असेल तर ८०० वरून ६६७. तिथलीच 'कमांड रेट' ही सेटिंग २टी करा. वापरताना हा फरक जाणवत नाही.

बायोसमध्ये पूर्ण, विंडोजमध्ये कमी

बायोस ४ किंवा ८ जीबी दाखवतो आणि विंडोज सव्वातीन, याचं नेहमीचं कारण म्हणजे ३२-बिट विंडोज. ३२ वरून ६४-बिटवर अपग्रेड होत नाही, नव्यानेच टाकावं लागतं. म्हणून डेटा आधी दुसरीकडे ठेवा, आणि जुन्या प्रिंटर-स्कॅनरला ६४-बिट ड्रायव्हर मिळतो का ते आधी शोधा. विंडोज ७ मध्ये आवृत्तीचीही मर्यादा आहे: स्टार्टरला २ जीबी, ६४-बिट होम बेसिकला ८, होम प्रीमियमला १६.

६४-बिट असूनही कमी दिसत असेल तर बायोसमधलं 'मेमरी रीमॅप' (झाकली जाणारी रॅम ४ जीबीच्या वर हलवण्याची सोय) चालू आहे का बघा. तेही चालू असेल तर एमएसकॉन्फिग उघडून बूट टॅबमधल्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा. तिथे 'मॅक्झिमम मेमरी' वर टिक असेल तर काढा. 'वेग वाढवायच्या युक्त्या' वाचून कुणीतरी ती टिक करून ठेवलेली असते. बोर्डावरच्या ग्राफिक्सने घेतलेली शंभर-दोनशे एमबी मात्र जाणारच, तो दोष नाही.

सगळं दिसलं की लगेच जुन्या फायली उघडून कामाला लागू नका. मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून बूट करा आणि रात्रभर चालू ठेवा. निदान चार पूर्ण फेऱ्या व्हायला हव्यात. एकही लाल ओळ (म्हणजे चूक) आली तर एकेक स्टिक स्वतंत्र तपासा. एकेकटी दोन्ही पास आणि एकत्र नापास, असं झालं तर त्या दोन स्टिकचं पटत नाहीये. वेग एक पायरी कमी करून पुन्हा चालवा. तरीही लाल ओळ आली तर बदलून द्यायचं कबूल करून घेतलेली स्टिक परत न्यायची वेळ तीच.